विटली कोर्ट: जळालेली इंग्रजी हवेली नीट कशी पाहावी

इंग्लंडमधल्या सजवून ठेवलेल्या हवेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहून पाहायच्या असतात. छताला सोनेरी नक्षी, भिंतींना रेशमी कापड, आणि हे सगळं ज्या विटांवर तोललंय त्या मात्र कुठेच दिसत नाहीत. वुस्टरशर परगण्यातलं विटली कोर्ट याच्या नेमकं उलट आहे. छप्पर गेलं, मजले गेले, खिडक्यांत काच नाही; उरल्या आहेत त्या उभ्या भिंती. त्यामुळे एवढं मोठं घर आतून कसं जोडलेलं असतं ते इथे उघड्यावर वाचता येतं. मात्र काय पाहायचं ते ठाऊक नसेल तर वीस मिनिटांत 'पडके वाडे पाहून झाले' म्हणत माणूस कारंज्याकडे निघून जातो. तसं होऊ नये म्हणून हा क्रम. तो पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे इंग्लंडात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे आलेल्या आईबाबांसाठीही.

## जाण्याआधी एवढं माहीत हवं

घराचा गाभा सतराव्या शतकातला, विटांचा. १६५५ मध्ये थॉमस फोली या लोखंडाच्या कारखानदाराने ही जहागीर विकत घेतली आणि पुढच्या पिढ्या तिच्यात भर घालत राहिल्या. १८०५ च्या सुमारास जॉन नॅशने उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंना प्रचंड खांबांचे द्वारमंडप जोडले. लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसचं काम पुढे ज्याच्याकडे गेलं, तोच हा नॅश. १८३७ मध्ये फोलींनी ही सगळी मालमत्ता ८,९०,००० पौंडांना वॉर्ड घराण्याच्या विश्वस्तांना विकली. वॉर्ड म्हणजे पुढे अर्ल ऑफ डडली झालेलं घराणं. त्यांचा पैसा बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडच्या कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाचा. मधल्या काळात, १८४३ ते १८४६, चौथ्या विल्यमची विधवा राणी ॲडलेड इथे भाड्याने राहत होती. १८५० च्या दशकात सॅम्युएल डॉक्स या वास्तुकाराने विटांच्या जुन्या घरावर बाथ शहराजवळच्या दगडाचं आवरण चढवलं. बाग विल्यम नेसफील्डने आखली.

१९२० मध्ये डडलींनी हवेली विकली. घेणारे सर हर्बर्ट स्मिथ हे किडरमिन्स्टरचे गालिच्यांचे कारखानदार. ७ सप्टेंबर १९३७ च्या रात्री तळघरातल्या बेकरीच्या बाजूला आग लागली. वाऱ्याने ती पसरली. कारंज्याच्या पंपांचं पाणी आगीवर मारायचा विचार झाला, पण ती यंत्रणा देखभालीविना पडून होती.

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. त्या रात्री सगळी हवेली जळाली नव्हती. पण मालकाने ती पुन्हा बांधली नाही, १९३८ मध्ये ती लिलावात निघाली आणि मग भंगाराच्या व्यापाऱ्यांनी छपराचं शिसं, लाकूड, संगमरवर असं जे निघेल ते काढून नेलं. सरकारने ती १९७२ मध्ये संरक्षणाखाली घेतली. आता कारभार इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. म्हणजे समोर दिसणारं भग्नपण दोन वेगवेगळ्या हातांनी झालेलं आहे, आणि कोणती खूण कुणाची हे भिंतीजवळ गेल्यावर बरंचसं ओळखता येतं. इथल्या भेटीतला खरा रस त्यातच आहे.

## तिकीट

पहिली चूक इथेच होते. नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या दोन वेगळ्या संस्था आहेत. एकीचं सभासदत्व दुसरीकडे सहसा चालत नाही. शेजारच्यांनी 'आमचं ट्रस्टचं कार्ड आहे, चला' म्हटलं म्हणून निघालात तर दाराशी पूर्ण तिकीट काढावं लागेल.

प्रौढाचं तिकीट दहा पौंडांच्या आगेमागे असतं; हंगाम आणि वार पाहून कमीजास्त होतं, आणि आधी ऑनलाइन काढलं की दारापेक्षा स्वस्त पडतं. काढताना 'गिफ्ट एड'सह आणि त्याशिवाय असे दोन दर दिसतील. गिफ्ट एडचा दर थोडा जास्त असतो, कारण त्यात देणगी धरलेली असते आणि संस्थेला त्यावरचा कर सरकारकडून परत मिळतो. तुम्ही ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तरच तो निवडा. भारतातून आलेल्या पाहुण्यांचं तिकीट साध्या दरानेच काढायचं.

वर्षभरात अशा चार-सहा जागा पाहायचा बेत असेल तर वार्षिक सभासदत्वाचा हिशेब करून पाहा. प्रत्येक प्रौढ सभासदाबरोबर घरातली सहापर्यंत मुलं फुकट जातात, त्यामुळे कुटुंबाला ते लवकर वसूल होतं. पाहुण्यांसाठी परदेशी प्रवाशांचा वेगळा पास आहे, ९ किंवा १६ दिवसांचा. नुसत्या विटलीसाठी तो घेणं म्हणजे पैसे वाया. त्याच पंधरवड्यात स्टोनहेंज, डोव्हरचा किल्ला असं काही ठरलं असेल तर मात्र पहिल्या दोन-तीन जागांतच तो भरून निघतो.

उन्हाळ्याच्या हंगामात ही जागा सहसा रोज उघडी असते, हिवाळ्यात बहुतेक शनिवार-रविवारीच. निघायच्या आदल्या रात्री संकेतस्थळावर वेळा पाहा आणि निघायच्या सकाळी पुन्हा पाहा. कारण जोराचा वारा सुटला की अशा उघड्या भिंतींच्या आणि जुन्या झाडांच्या जागा आयत्या वेळी बंद ठेवतात.

## पोचायचं कसं

विटली कोर्ट वुस्टर शहराच्या वायव्येला साधारण १६ किलोमीटरवर, ए४४३ रस्त्याला लागून, ग्रेट विटली गावाजवळ आहे. पोस्टकोड डब्ल्यूआर६ ६जेटी. बर्मिंगहॅमहून गाडीने तासाभराचा रस्ता. शेवटच्या दोन-तीन मैलांत फोनच्या नकाशापेक्षा रस्त्याकडेच्या तपकिरी पाट्यांवर भरवसा ठेवा. नकाशा कधी चर्चच्या वाटेवर आणून सोडतो, आणि पर्यटकांचा वाहनतळ तिथे नाही.

रेल्वेने यायचं तर बर्मिंगहॅमच्या स्नो हिल किंवा मूर स्ट्रीटहून किडरमिन्स्टरमार्गे जाणारी गाडी ड्रॉइटविच स्पा करून वुस्टर फोरगेट स्ट्रीटला पोचते. लंडनहून पॅडिंग्टनवरून वुस्टरला थेट गाड्या आहेत. सव्वादोन ते अडीच तास धरा. खरी अडचण स्टेशनानंतर सुरू होते. वुस्टरहून टेनबरीकडे जाणारी बस ग्रेट विटलीवरून जाते, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि रविवारी बस नसतेच असं धरून चला. टॅक्सी केलीत तर परतीची वेळ त्याच चालकाशी येतानाच ठरवून घ्या. शहरातल्यासारखं ॲप उघडलं आणि पाच मिनिटांत गाडी आली, असं या भागात होत नाही. फोनला रेंजही जेमतेम असते. परतीच्या बसची वेळ कागदावर लिहून ठेवणं हास्यास्पद वाटेल, पण इथे ते उपयोगी पडतं.

वाहनतळापासून हवेलीपर्यंत झाडीतून, तळ्याच्या कडेने जाणारी पायवाट आहे. सावकाश चाललं तर दहा-पंधरा मिनिटं. गुडघे दुखणारे कुणी सोबत असतील तर अपंगांसाठीच्या जवळच्या वाहनतळाची चौकशी आधी फोनवर करा. तिथे पोचल्यावर विचारलं तर गाडी पुन्हा फिरवून आणावी लागते.

## काय घालायचं, काय न्यायचं

पाहायची जागा एका घराची असली तरी आसरा एकही नाही. पाऊस आला तर आतल्या खोलीत उभं राहून बाहेरइतकंच भिजायचं. छत्री घेऊ नका: छप्पर नसलेल्या उंच भिंतींमध्ये वारा खिडक्यांतून घुसतो आणि छत्री उलटी करतो. टोपीचं रेनकोट-जाकीट घ्या. बूट जाड, खाचांच्या तळव्याचे. सावलीतल्या दगडी पायऱ्यांवर हिरवट थर साचलेला असतो आणि पावसानंतर तो तेलासारखा निसटता होतो. चपला, कोल्हापुरी किंवा साडीखाली घातलेल्या सपाट सँडल्स या जमिनीसाठी नाहीत. बाबागाडी बागेत चालते. आतल्या खडीत आणि उंबऱ्यांवर अडते, तिथे पाठीवरची झोळी बरी.

लहान दुर्बीण जरूर न्या. बघण्यासारखं बरंच काही जमिनीपासून आठ-दहा मीटर उंचावर आहे. जवळ चहापानाची सोय असते, पण तिच्या वेळा हवेलीच्या वेळांशी जुळतीलच असं नाही, म्हणून थालीपीठ, पराठे, थर्मास असं काहीतरी बरोबर असू द्या. बागेत बसून खायला कुणी हरकत घेत नाही. कचरा परत न्यायचा. कुत्रा दोरीला बांधून नेता येतो.

## कोणत्या क्रमाने पाहायचं

एकूण साडेतीन तास ठेवा. एक तास हवेलीच्या आत, एक तास बाग आणि कारंजं, अर्धा-पाऊण तास चर्च, उरलेला चालण्यात आणि खाण्यात.

सगळं वेळापत्रक कारंज्याभोवती बसवावं लागतं. उन्हाळ्याच्या हंगामात ते दिवसातून काही ठरावीक वेळांना, बहुधा तासाच्या ठोक्याला, थोडाच वेळ सोडतात. आत शिरताच तिकीटघरात त्या दिवसाच्या वेळा विचारा आणि त्यांतली एक पक्की करा. वारा जोराचा असला किंवा दुरुस्ती निघाली तर कारंजं बंद राहतं, म्हणून शेवटच्या वेळेवर विसंबू नका; ती चुकली की त्या दिवशीचं कारंजं गेलं.

आधी उत्तरेकडून, म्हणजे जुन्या पाहुण्यांच्या बग्ग्या जिथे थांबायच्या त्या बाजूने शिरा. नॅशचा द्वारमंडप, त्याच्या दोन्ही अंगांना पुढे आलेले बुरूज. हे बुरूज जुन्या विटांच्या घराचे आहेत, दगडाखाली झाकलेले. तिथून मधल्या मोठ्या दालनात या आणि थेट दक्षिणेकडच्या दारापर्यंत चालत जा, पण बाहेर पडू नका. हा सरळ आस लक्षात ठेवा: आत येणारा, दालन, मग बाग, मग कारंजं. सगळं घर या एका रेषेवर ओवलेलं आहे. रेषा डोक्यात बसली की मागे वळा आणि खोल्या एकेक करून घ्या. दक्षिणेचा द्वारमंडप शेवटी, कारंज्याच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी.

## भिंत वाचायची कशी

एका खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि खालून वर पाहत जा. शोधायच्या खुणा या.

आधी चुली, म्हणजे इंग्रजी घरातल्या शेकोट्या. एक खाली, तिच्या वर हवेत लटकलेली दुसरी, तिच्याही वर तिसरी. प्रत्येक शेकोटीची पातळी म्हणजे एका गेलेल्या मजल्याची जमीन. वरची शेकोटी लहान होत जाते: खाली बैठकीच्या खोल्या, वर झोपायच्या, सगळ्यात वर नोकरांच्या. खालच्या शेकोटीचा धुराचा नळ वरच्या शेकोटीच्या मागून न जाता बाजूने वळवलेला असतो; भिंत जिथे फुटली आहे तिथे ही काळी, तिरकी नळी उघडी पडलेली दिसू शकते.

मग शेकोट्यांच्या पातळीवर आडव्या रांगेत चौकोनी भोकं शोधा. ही तुळयांची घरं. ती एखाद्या खोलीच्या दोनच समोरासमोरच्या भिंतींत असतात. ज्या दिशेने तुळया टाकल्या त्याच दोन भिंतींत. बहुधा खोलीच्या अरुंद बाजूने, कारण तुळई जितकी आखूड तितकी ती कमी वाकते. आता भोकाच्या आत दुर्बिणीने पाहा. कडा काळवंडलेल्या, आत कोळशासारखा अवशेष असेल तर तुळई तिथेच जळाली. भोक स्वच्छ असेल, कडा सरळ असतील, तर लाकूड आगीनंतर कुणीतरी काढून नेलेलं असण्याची शक्यता अधिक.

दगडाचा रंग याहून बोलका आहे. बाथचा दगड म्हणजे मधासारखा पिवळसर चुनखडी दगड, आणि त्यात लोहाचा थोडा अंश असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की तो लोहाचा अंश रंग बदलतो आणि दगड गुलाबी-लालसर होतो. थंड झाला तरी रंग परत जात नाही. खिडकीच्या चौकटीभोवती, विशेषतः वरच्या बाजूला असा लालसर पट्टा दिसला, तर खोलीतली ज्वाळा त्या खिडकीतून बाहेर पडली असं समजा. जास्त तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि कोपरे गोल होतात. पण गुलाबी छटा उन्हात फसवी असते: पहाटे-संध्याकाळचं तांबूस ऊन कोणत्याही दगडाला लाल करतं. ढगाळ दुपारी ही खूण सगळ्यात नीट कळते.

दगडाचं आवरण जिथे गळून पडलं आहे तिथे मागच्या विटा दिसतात. इथे थांबा आणि दोन्हींचा सांधा जवळून पाहा. दर्शनी दगड म्हणजे भिंत नव्हे, भिंतीवर चढवलेला अंगरखा. तो मागच्या विटांना कुठे आत घुसवलेल्या लांब दगडांनी, कुठे लोखंडी पट्ट्यांनी धरलेला असतो. छप्पर असताना या पट्ट्या कोरड्या राहायच्या. छपराचं शिसं गेल्यावर पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरलं. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलेली पट्टी दगडाला आतून फोडते. म्हणजे आगीच्या जवळपासही न आलेले दगड पुढल्या काळात अशाही रीतीने तडकू शकतात. सरळ तडा, त्याच्या टोकाशी तपकिरी ओघळ, ही या दुखण्याची खूण.

विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर बोटभर-दोन बोटं लाकडाचे तुकडे किंवा त्यांची रिकामी खोबणी दिसतील. भिंतीवरच्या लाकडी फळ्या आणि गिलाव्याच्या पट्ट्या ठोकायला ठेवलेल्या या खुंट्या. खालच्या कमरेइतक्या भागात त्या दाट असतील तर तिथे लाकडी अस्तर होतं. आणि शेकोटीच्या जागी नुसता आयताकृती खड्डा, भोवती छिन्नीच्या खुणा असतील, तर संगमरवरी चौकट उपटून विकली गेली. आग अशी नीटस चौकट काढत नाही.

एवढी आग लागूनही इतक्या उंच भिंती उभ्या कशा, हा प्रश्न पुण्याकडच्या माणसाला हमखास पडतो. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला तेव्हा दगडी जोतं आणि कोट तेवढे राहिले, कारण वरचे मजले लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभे होते. विटलीत भार पेलणारी गोष्ट भिंत आहे. लाकूड फक्त जमिनी आणि छप्पर धरायला. लाकूड जळालं, भिंतींचा रिकामा खोका उभा राहिला.

भिंतींच्या माथ्यावरही नजर टाका. उघड्या भिंतीचा खरा शत्रू वरून येणारं पाणी: ते आत मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि सांधे सैल करतं. म्हणून माथे चुन्याने बांधून, पाणी बाहेर ओघळेल असे उताराचे केलेले असतात. अशा वास्तूंची डागडुजी सिमेंटऐवजी चुन्याने करायचं कारणही तेच. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद, त्यामुळे आतला ओलावा दगडातूनच बाहेर पडतो आणि दगड भुसभुशीत होतो.

पश्चिमेच्या अंगाला वळत गेलेली बाजू आणि तिच्या टोकाची काचघराची जागा चुकवू नका. कमानींच्या ओळी उरल्या आहेत. काच आणि छप्पर गेलं. लोक इथे पोचेपर्यंत दमलेले असतात आणि लांबूनच फोटो काढून परततात.

## कारंजं आणि बाग

दक्षिणेकडच्या द्वारमंडपाच्या पायऱ्यांवर या. समोर ग्रीक पुराणकथेतले पर्सियस आणि अँड्रोमेडा: खडकाला बांधलेली राजकन्या, पंखांच्या घोड्यावरून उतरणारा वीर आणि खाली समुद्री राक्षस. रचना नेसफील्डची, कोरीव काम जेम्स फोरसाइथचं. मुख्य धार राक्षसाच्या तोंडातून उडते. डडलींच्या काळात वाफेच्या इंजिनाने पाणी उंचावरच्या टाकीत चढवून ठेवत आणि ते सोडलं की धार १०० फुटांच्या वर जाई.

उभं कुठे राहायचं? आधी वाऱ्याची दिशा बघा. धार वाऱ्याबरोबर झुकते आणि तुषार बऱ्याच लांबपर्यंत येतात. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहिलात तर कॅमेऱ्याची काच भिजलीच म्हणून समजा. पहिली दोन मिनिटं पायऱ्यांवरून पूर्ण दृश्य पाहा, मग कडेने फिरत कारंज्याच्या पलीकडे दक्षिणेला जा. तिथून पाण्याच्या पडद्यामागे हवेलीचे खांब दिसतात. बहुतेक जण याच्या उलट करतात, आधी जवळ धावतात आणि परत वर येईपर्यंत पाणी बंद होतं.

ही बाजू दक्षिणमुखी असल्याने दिवसभर उजेड असतो. उत्तरेचा दर्शनी भाग बहुतेक वेळ सावलीत. त्याचे फोटो ढगाळ हवेत चांगले येतात. पूर्वेकडच्या आखीव बागेत फ्लोरा या फुलांच्या देवतेचं दुसरं कारंजं आहे, त्याची बरीच मोडतोड झालेली. ही बाग सकाळच्या उन्हात पाहावी. डिसेंबरात चार वाजता अंधारून येतं, तेव्हा उजेडाचा हिशेब तिकिटाच्याही आधी करा.

## चर्च वगळू नका

हवेलीला चिकटूनच ग्रेट विटलीचं सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स चर्च आहे. ते आगीतून वाचलं. इंग्लिश हेरिटेजचं नाही, गावच्या पॅरिशचं, म्हणजे स्थानिक चर्च-मंडळाचं आहे. प्रवेश फुकट, पेटीत देणगी टाकायची. बाहेरून ते गंभीर दिसतं, आणि त्यामुळेच बरेच जण दार न ढकलता पुढे जातात.

आत पांढरं आणि सोनेरी, इंग्लिश खेड्यातल्या चर्चमध्ये सहसा दिसणार नाही असं इटालियन थाटाचं काम. १७३५ मध्ये चर्च तयार झालं तेव्हा ते साधं होतं. १७४७ मध्ये लंडनजवळचा ड्यूक ऑफ शँडॉसचा कॅनन्स हा महाल मोडीत निघाला, आणि दुसऱ्या लॉर्ड फोलीने तिथल्या खाजगी प्रार्थनागृहाचं सामान लिलावात घेऊन इथे बसवलं. छतावरची अँटोनियो बेलुचीची २३ चित्रं, तीन मोठी आणि वीस लहान, तिथली. जोशुआ प्राइसने रंगवलेल्या दहा काचेच्या खिडक्याही तिथल्याच. प्रसिद्ध संगीतकार हँडेल १७१७-१८ मध्ये कॅनन्सच्या ड्यूककडे होता, आणि इथल्या ऑर्गनची लाकडी चौकट त्याच प्रार्थनागृहातून आली.

एकच गोष्ट उचलून आणण्याजोगी नव्हती: बागुटी या कारागिराने छताला केलेलं गिलाव्याचं नक्षीकाम. मग त्याचे साचे घेतले आणि इथे ते कागदाच्या लगद्यात ओतलं. वर पाहून ते चुन्याचं नाही हे ओळखून दाखवा. लगदा गिलाव्यापेक्षा पुष्कळ हलका, म्हणून छतावर ओझंही पडत नाही.

हवेली पाहून झाल्यावर चर्चमध्ये या, आधी नको. दुसऱ्याच्या मोडलेल्या महालातलं सामान इथे जपलं गेलं आणि भिंतीला भिंत लागून असलेला इथला महाल भंगारात गेला, हे त्या क्रमानेच जाणवतं. रविवारी सकाळी प्रार्थना आणि शनिवारी लग्न असू शकतं. तेव्हा बाहेर थांबायचं.

## नियम, आणि कुठे फसगत होते

भिंतींवर, चौथऱ्यांवर, कारंज्याच्या कठड्यावर चढायचं नाही. कुंपण घातलेल्या खोलीत 'एकच फोटो' म्हणूनही शिरू नका. तिथे वरून दगड सुटण्याचा धोका असतो म्हणूनच ते कुंपण आहे. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. खाली पडलेला दगडाचा वा टाइलचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकणं गुन्हा आहे, आणि संरक्षित जागेत परवानगीशिवाय धातुशोधक वापरणंही.

मुलांची फसगत वेगळी. 'राजवाडा पाहायला चाललोय' असं सांगून आणलं तर आत सिंहासन शोधतात आणि चिडतात. त्यांना शेकोट्या मोजायचं काम द्या: सगळ्यात उंचावरची कोण आधी शोधतो. तळ्याच्या काठाने जाताना हात धरा. काठाला सगळीकडे कठडा नाही. वाड्याच्या आत स्वच्छतागृह नाही, तेव्हा आधीच उरकून घ्या.

## इथून पुढे कुठे

विटली पाहून झाल्यावर डर्बीशरमधलं सटन स्कार्सडेल हॉल घ्यावं, कारण तिथे आग लागलीच नव्हती. १७२४ ते १७२९ मध्ये बांधलेलं हे घर पहिल्या महायुद्धानंतर व्यापाऱ्यांनी आतून सोलून विकलं. त्याच्या तीन खोल्या आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहेत. विटलीत 'व्यापाऱ्याची खूण' म्हणून जे शोधलं तेच इथे संपूर्ण घरभर आहे. प्रवेश फुकट, भिंतींच्या कामासाठी आतला भाग बऱ्याचदा कुंपणाआड असतो, तरी बाहेरून पाहता येतं. त्याच भागात हार्डविक आहे, जुना आणि नवा असे दोन हॉल शेजारी-शेजारी: नव्याचा कारभार नॅशनल ट्रस्टकडे, भग्न जुन्याचा इंग्लिश हेरिटेजकडे, तेव्हा तिकिटाची चौकशी दोन्हीकडे वेगळी करा. लंडनच्या बाजूला राहणाऱ्यांना बेडफर्डशरमधलं ॲम्प्टहिलजवळचं हॉटन हाऊस सोपं पडेल. १७९४ मध्ये छप्पर उतरवलेलं ते घर फुकट आणि उघडं आहे, पण तिथे तिकीटघर, स्वच्छतागृह, चहा यांपैकी काहीच नाही, आणि वाहनतळापासून थोडं चालावं लागतं.